विमानावरचा लाल ठिपका

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा मेहुणा दुबईहून आला, तेव्हा आठवीतल्या भाच्यासाठी एक खोका घेऊन आला. खोक्यावर लढाऊ विमानाचं चित्र. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटी आणि फांदीला कैऱ्या लटकाव्यात तसे त्या चौकटींना लटकलेले विमानाचे भाग. सोबत जोडणीचा कागद आणि पातळ कागदाखाली जपून ठेवलेला आणखी एक छोटा ताव. त्यावर वर्तुळं, अक्षरं, आकडे छापलेले.

"मामू, रंग कुठायत?" मुलानं पहिला प्रश्न विचारला.

"रंग आणि थिनर पेट घेतात, विमानातून आणू देत नाहीत. विमान मी आणलं, रंगाचं अब्बूंना सांग."

अशा रीतीनं ही जबाबदारी माझ्याकडे आली. वर्गात फळा रंगवण्यापलीकडे माझा रंगाशी संबंध नाही. पण मुलगा दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा आणि त्याला ओरडून ओरडून मी थकलो होतो. निदान बाप-लेक एका टेबलाशी बसतील, एवढ्याच हिशेबानं मी हो म्हटलं.

विमान होतं हरिकेन. सिडनी कॅम या इंग्रज अभियंत्यानं त्याचा आराखडा केला आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. एकूण अशी १४ हजारांहून जास्त विमानं बनली. आपल्या हवाई दलाच्या बऱ्याच तुकड्यांनी बर्माच्या आघाडीवर हेच विमान उडवलं. पुढे हवाई दल प्रमुख आणि मार्शल झालेले अर्जन सिंग १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत हरिकेनच्याच तुकडीचं नेतृत्व करत होते. मॉडेल एकास बहात्तर या प्रमाणातलं. खऱ्या विमानाची पंखांची रुंदी ४० फूट, आमच्या मॉडेलची १७ सेंटिमीटरला जरा कमी. पोरानं पहिल्याच दिवशी ठरवलं, "अब्बू, आपण आपल्या हवाई दलाचं करू. बर्मातलं."

जोडणी तीन दिवसांत झाली. खरी परीक्षा पुढे होती.

पहिली चूक माझीच. म्हटलं, घरात शाळेचे पोस्टर कलर आहेत, तेच लावू. गुळगुळीत प्लास्टिकवर तो रंग थांबेचना. पानावरून दव ओघळावं तसा गोळा होऊन बाजूला व्हायचा आणि वाळला तरी नखानं निघायचा. मग चौकशी केली आणि क्रम समजला. आधी सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यानं धुवायचे, कारण कारखान्यात प्लास्टिक साच्यातून सुटावं म्हणून वापरलेला तेलकट पदार्थ त्यावर राहिलेला असू शकतो. मग वाळवून प्रायमरचा थर. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात करड्या प्रायमरचा स्प्रे मिळतो, तो चालतो. मात्र एक वीत लांबून, हलका फवारा मारायचा. जवळून जाड मारला तर तो प्लास्टिकच खातो. आमच्या विमानाच्या एका चाकानं हे सिद्ध करून दाखवलं.

रंगासाठी ॲक्रिलिकच्या नळ्या आणल्या. विमानाच्या वरच्या बाजूला दोन रंगांचे वेडेवाकडे पट्टे असतात, एक मातकट तपकिरी आणि एक गडद हिरवा. वरून बघणाऱ्या शत्रूला ते खालच्या शेता-रानात मिसळून जावं, हा हेतू. पोटाकडून करडा, म्हणजे खालून बघणाऱ्याला आभाळात मिसळेल. तपकिरीसाठी बर्न्ट अंबरमध्ये यलो ऑकर आणि किंचित पांढरा मिसळला. हिरव्यात थोडा काळा घातला. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाटीत एकदा केलेलं मिश्रण पुन्हा तसंच होत नाही, म्हणून लागेल त्यापेक्षा जास्तच करून झाकणबंद डबीत ठेवावं.

फिका रंग आधी, गडद नंतर. म्हणून पोट आधी रंगवलं. मग कडेला कागदी चिकटपट्टी लावून वरचा तपकिरी, आणि तो पूर्ण वाळल्यावर पेन्सिलीनं हलकी रेघ काढून हिरवा. मुलाला एका हातात काम संपवायचं होतं. जाड रंग चोपडला की ब्रशच्या रेघा उमटतात आणि प्लास्टिकवर कोरलेले बारीक सांधे भरून जातात. म्हणून रंग दुधाइतका पातळ करायचा, चपट्या मऊ ब्रशनं एकाच दिशेनं ओढायचा आणि ओल्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. पहिल्या थराला खालचं सगळं दिसतं आणि पोरं निराश होतात. दुसऱ्याला बरं दिसतं. तिसऱ्या थराला विमान एकदम खरं वाटायला लागतं. दोन थरांच्या मध्ये थांबणं हेच अवघड. तेवढा वेळ आम्ही बोलायचो. गेल्या वर्षभरात झालं नसेल एवढं बोलणं त्या आठवड्यात झालं.

आता त्या छोट्या तावाची पाळी आली. त्यावरच्या चित्रांना डिकॅल म्हणतात. पूर्वी सायकलच्या दांड्यावर कंपनीचं नाव असंच चढवायचे. कपबशीवरची फुलंही याच पद्धतीनं येतात. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकासारख्या चिकटीचा थर, त्यावर अतिशय पातळ पारदर्शक पापुद्रा आणि पापुद्र्यावर छापलेली खूण. कागद पाण्यात भिजला की चिकटी सुटते आणि खूण घसरून विमानावर जाते.

मुलाला धीर कुठला. मी शाळेतून यायच्या आत त्यानं डाव्या पंखावर पहिलं वर्तुळ चढवलं होतं. बाहेर निळं, मध्ये मोठा लाल ठिपका. चढवलं होतं नीट मधोमध, पण वाळल्यावर त्याच्याभोवतीचा पापुद्रा चांदीसारखा चमकत होता. जणू विमानावर सेलोटेप चिकटवली आहे. पोरगं हिरमुसलं.

नेमक्या त्याच वेळी माझी अम्मी चष्मा सावरत टेबलाशी आली. तिला या उद्योगाचं आधीपासूनच फारसं कौतुक नव्हतं. "माणसं मारायचं यंत्र ते, त्याला नटवायचं कशाला?" असं ती दोनदा म्हणाली होती. तिनं विमान हातात घेतलं, पंखाकडे पाहिलं आणि विचारलं, "ही लाल टिकली कशाला लावलीस?"

"दादी, ती खूण आहे. आपलं विमान ओळखायची."

"आपल्या विमानावर लाल टिकली नसणार," अम्मी म्हणाली. "लाल टिकली त्यांच्या विमानांवर होती."

मग तिनं सांगितलं ते मी लहानपणी तुकड्यातुकड्यांत ऐकलं होतं. मुलगा पहिल्यांदाच ऐकत होता. अम्मीचे वडील, म्हणजे माझे नाना, बोटीवर खलाशी होते. डिसेंबर १९४१ मध्ये त्यांची बोट रंगूनच्या बंदरात उभी होती. २३ तारखेला जपानी विमानं आली. रंगूनवरचा तो पहिला हल्ला. लोकांना बॉम्ब म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ते रस्त्यावर उभं राहून, मान वर करून विमानं मोजत होते. कितीतरी माणसं तशी उभ्या उभ्याच गेली. दोन दिवसांनी, २५ तारखेला, विमानं पुन्हा आली. नाना वाचले, घरी आले, म्हातारे झाले. पण आभाळात विमानाचा आवाज आला की गावातली पोरं वर बघत अंगणात धावायची आणि नाना भिंतीकडे सरकायचे. विचारलं तर एवढंच म्हणायचे, "पंखावर लाल टिकली होती."

अम्मी विमान खाली ठेवून आत गेली. मुलगा बराच वेळ त्या वर्तुळाकडे बघत बसला. मग म्हणाला, "अब्बू, पण खोक्यावरच्या चित्रात लाल आहे. दादी चुकतेय का?"

"शोधू या," मी म्हटलं.

आम्ही शोधलं. दादी चुकत नव्हती आणि खोकाही चुकत नव्हता. खोक्यावरचं चित्र इंग्लंडमधल्या विमानाचं होतं. ब्रिटिश विमानांची खूण म्हणजे एकात एक वर्तुळं, बाहेर निळं आणि मध्ये लाल, कुठे दोन्हींच्या मध्ये पांढरंही. आपलं हवाई दल तेव्हा ब्रिटिशांच्याच हाताखाली असल्यामुळे त्याचीही तीच खूण होती. पण जपानी विमानांची खूण म्हणजे उगवत्या सूर्याची लाल चकती. लढाईच्या घाईत, ऊन डोळ्यांवर असताना, वेगात जाणाऱ्या विमानावर माणसाला काय दिसणार? फक्त लाल. ते आपलं की परकं हे ठरवायला क्षणभर मिळतो आणि तेवढ्यात आपलाच माणूस आपल्याच गोळीनं मरू शकतो. म्हणून बर्माच्या आघाडीवर विमानांच्या खुणेतून लाल रंग काढून टाकला गेला. शेपटीवरच्या पट्ट्यांतलाही काढला. लालच्या जागी आधी पांढरा आला. पांढरा लांबून फार चमकतो असं दिसलं, तेव्हा त्यात निळा मिसळून फिका निळा केला. अमेरिकनांच्या ताऱ्याच्या मधोमध लाल गोळा असायचा. त्यांनीही मे १९४२ मध्ये तो काढला, याच कारणासाठी.

मी पोराला बर्मातल्या हरिकेनचे जुने कृष्णधवल फोटो दाखवले. कृष्णधवल फोटोत लाल रंग काळपट दिसतो. या फोटोंत मात्र वर्तुळाचा मध्य फिका होता. पुरावा समोर होता.

मी उर्दू शिकवतो, त्यामुळे मला लगेच नुक्ता आठवला. तेच अक्षर. ठिपका नसला तर 'हाल', पोटात ठिपका दिला तर 'जाल', डोक्यावर दिला तर 'खाल'. नुक्ता विसरलेल्या मुलाचा मी अर्धा गुण कापतो. इथे एका ठिपक्याची किंमत जीव होती.

"मग आपणही लाल काढू," मुलगा म्हणाला. आणि आता त्याला घाई नव्हती.

आधी ती चांदी का आली ते समजून घेतलं. मॅट रंग हाताला गुळगुळीत लागतो, पण भिंगाखाली तो खडबडीत असतो. पापुद्रा त्या उंचवट्यांवर टेकतो, खाली हवा अडकते आणि ती हवा चमकते. म्हणून खुणा चढवण्याआधी संपूर्ण विमानावर चकचकीत वॉर्निशचा थर द्यावा लागतो. गुळगुळीत जमिनीवर पापुद्रा पूर्ण बसतो. शेवटी वरून मॅट वॉर्निश मारलं की चकाकी जाते आणि खूण रंगानंच काढल्यासारखी दिसते. आधी चमक, मग खूण, मग पुन्हा मंद. हा क्रम उलटा करता येत नाही.

वॉर्निशचा स्प्रे आणला तोवर कोकणातला जुलै लागला होता. बाहेर धो धो पाऊस, घरात दमट हवा. तरी मी पडवीत उभा राहून स्प्रे मारलाच. पाच मिनिटांत सगळ्या विमानावर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरका पडदा आला. दमट हवेतली वाफ वॉर्निशमध्ये अडकली की असं होतं. या वेळी घाई बापाची होती. मुलगा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघून हसला. आम्ही उघडीप पडेपर्यंत आठ दिवस थांबलो. कोरड्या दुपारी पुन्हा हलका हात मारला, तेव्हा खालचा पडदा विरघळून नाहीसा झाला.

मग एका रविवारी खुणा चढवायला बसलो. त्याची रीत सांगतो, कारण पुष्कळ घरांत अशी किट अर्धवट पडून असतात.

तावातून एका वेळी एकच खूण कापावी. चिमट्यानं धरून कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवावी आणि बाहेर काढून ओल्या कापडावर मिनिटभर ठेवावी. पाण्यात तरंगत ठेवली तर चिकटी वाहून जाते आणि नाजूक खूण गुंडाळते. बोटानं हळूच सरकवून पाहावी. सरकली की तयार. विमानावर जिथे बसवायची तिथे आधी पाण्याचा थेंब ठेवावा, कागद जागेशेजारी टेकवावा आणि ओल्या ब्रशनं खूण घसरवत न्यावी. खाली पाणी आहे तोवर ती हलवता येते. जागेवर आली की कापसाच्या ओल्या काडीनं मधून कडेकडे दाबत पाणी काढावं. जुन्या किटमधली खूण पाण्यात पडताच तुकडे होऊ शकते, म्हणून आधी नको असलेली एखादी बुडवून बघावी.

हरिकेनमध्ये एक मोठी अडचण आहे. या विमानाचा मागचा भाग धातूच्या पत्र्याचा नव्हता. लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं कापड होतं. म्हणून मॉडेलवरही तिथे उभार उमटवलेले असतात आणि बाजूचं वर्तुळ नेमकं त्याच उभारांवर येतं. ते तंबूसारखं ताणून बसलं. पापुद्रा मऊ करायचं खास औषध मिळतं, आमच्याकडे नव्हतं. अम्मीनं आतून विचारलं, "काय अडलंय?" सांगितल्यावर तिनं फडताळातून सिरक्याची बाटली आणून ठेवली. सिरक्यात तेवढंच पाणी घालून ब्रशनं लावलं. त्यानं पापुद्रा सैल पडला, जरा सुरकुतलाही. पोराचा हात पुढे जात होता, मी धरला. अशा वेळी हात लावला की खूण फाटते. अर्ध्या तासानं दोन-तीन वेळा पुन्हा लावून ओल्या काडीनं दाबलं, तेव्हा वर्तुळ उभारांवर बसलं. डाव्या पंखावरचं चांदी पडलेलं वर्तुळ सुईच्या टोकानं बारीक टोचून त्यात सिरका मुरवला. बरंच सुधारलं, पूर्ण नाही. मुलानं ते काढू दिलं नाही. "असू दे, पहिलं आहे," म्हणाला.

रात्रभर वाळल्यावर त्यानं सगळ्यात बारीक ब्रश घेतला. पांढऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा निळा मिसळला आणि एकेक लाल ठिपका झाकायला लागला. लाल हा हट्टी रंग, पहिल्या थरातून गुलाबी होऊन वर येतो. चार थर लागले. बर्मात हेच काम कुणा मेकॅनिकनं खऱ्या विमानावर, उन्हात, डबा आणि ब्रश घेऊन केलं असणार, असं तो रंगवता रंगवता बोलून गेला.

शेवटी मॅट वॉर्निशचा थर दिला आणि विमान अम्मीच्या हातात ठेवलं. तिनं ते उजेडाकडे धरलं, दोन्ही पंख पाहिले. "आता ठीक," म्हणाली. जरा थांबून विचारलं, "पण यात बंदुका आहेत ना?"

"आहेत दादी. पंखात चार तोफा आहेत," मुलगा म्हणाला. त्यानं लपवलं नाही आणि बढाईही मारली नाही. मला तेच आवडलं. लढाऊ विमान घरात ठेवायचं तर ते काय करायचं हेही मुलांना माहीत असू द्यावं. सुट्टीच्या सुरुवातीला ते त्याच्यासाठी फक्त भारी खेळणं होतं.

बर्माच्या मोहिमेत आपले जे तरुण वैमानिक होते, त्यांत हैदराबादचे इद्रीस हसन लतीफही होते. ते १९७८ ते १९८१ या काळात देशाचे हवाई दल प्रमुख झाले आणि नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल. आणि विमानावरच्या खुणेचं म्हणाल, तर प्रजासत्ताकानंतर तिथे केशरी, पांढरा आणि हिरवा हे आपले रंग आले. मुलाला पुढचं विमान त्या खुणेचं करायचं आहे.

ज्यांना घरी हे करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी दोन सूचना. स्प्रे आणि थिनर नेहमी खिडकी-दार उघडं ठेवून, गॅसच्या शेगडीपासून लांब वापरावं, आणि लहान भावंडांना त्या वेळी खोलीत येऊ देऊ नये. ब्लेडचं काम मोठ्यांनी समोर बसून करून घ्यावं. आणि पहिलं विमान बिघडणार हे धरूनच चालावं. आमच्या विमानाचं एक चाक वितळलेलं आहे आणि एका पंखावर अजून चांदी आहे.

ते आता कपाटावर, काचेच्या बरणीखाली आहे. लाकडी ठोकळ्यावर पोरानं एका बाजूला मराठीत आणि एका बाजूला उर्दूत लिहिलं आहे, 'हरिकेन, बर्मा, १९४४'. उर्दूचे नुक्ते मी तपासले, सगळे जागच्या जागी आहेत. परवा धूळ पुसताना ठोकळा उलटा केला, तेव्हा तळाशी पेन्सिलीनं आणखी एक ओळ दिसली. तिथे माझ्या नानांचं नाव होतं आणि पुढे 'रंगून, डिसेंबर १९४१'. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.